पल्ला किती? एका दिवाळी अंकातल्या लेखाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या दिवाळीतलं. अंक पुण्याचा. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांचं कार्यालय, वर्षातले आठ महिने कुलूप आणि जुलैपासून रात्री अकरापर्यंत दिवे. नावं गाळली आहेत आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. पात्रं चारच: संपादक ताई, मी (कार्यकारी संपादक, म्हणजे पडेल ते काम), पानं लावणारा एक मुलगा आणि ज्यांच्या लेखावरून हे घडलं ते लेखक. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणायचो. पंचाहत्तरीचे यांत्रिकी अभियंते. संरक्षण खात्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका खासगी कारखान्यात उभी हयात गेलेली.

११ मार्च २०२४ ला अग्नी-५ ची ‘दिव्यास्त्र’ चाचणी झाली. एकाच क्षेपणास्त्रावरून अनेक अण्वस्त्रं वेगवेगळ्या लक्ष्यांवर सोडण्याचं तंत्र आपण पहिल्यांदा उडवून दाखवलं. ताईंनी त्याच आठवड्यात ठरवलं की यंदा दीर्घ लेख यावर. पुण्यात या विषयाला वाचक आयता मिळतो. पाषाणला शस्त्रास्त्रांची प्रयोगशाळा, सुतारवाडीला घन इंधनं आणि स्फोटकांची, दिघीला लष्करी अभियांत्रिकीची, गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञान शिकवणारी संस्था. दर सोसायटीत एक तरी गृहस्थ असतातच, जे “माहीत आहे, पण सांगता येत नाही” असं म्हणत चहाचा कप खाली ठेवतात.

काकांनी ऑगस्टअखेर लेख आणून दिला. फुलस्केपची बत्तीस पानं, हातानं लिहिलेली, समास सोडून. पहिली अठरा पानं वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली होती. १९८३ चा एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम, डॉ. कलामांच्या हाताखाली एकदम हाती घेतलेली पाच क्षेपणास्त्रं, आणि २२ मे १९८९ ला चंदीपूरहून उडालेला पहिला अग्नी. त्याचा खालचा टप्पा उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-३ कडून घेतलेला, घन इंधनाचा. वरचा पृथ्वी क्षेपणास्त्रावर बेतलेला, द्रव इंधनाचा. काकांनी लिहिलं होतं, “थोरल्याची विजार आणि धाकट्याचा सदरा घालून मुलगा शाळेत गेला, आणि पहिला आला.” सरकारनं तेव्हा त्याला शस्त्र म्हटलंच नाही, ‘तंत्रज्ञानाचं प्रात्यक्षिक’ म्हटलं. १९९२ ची चाचणी फसली, १९९४ ची साधली, मग बाहेरच्या दबावात काम थंडावलं. १९९८ ला पोखरण झालं आणि ११ एप्रिल १९९९ ला अग्नी-२ उडाला. त्याचे दोन्ही टप्पे घन इंधनाचे. द्रव इंधनाचं क्षेपणास्त्र आधी भरावं लागतं, त्यात वेळ जातो आणि वरून बघणाऱ्याला तयारी दिसते. घन इंधनाचं आधीच भरलेलं असतं. हे सगळं काकांनी शेगडी आणि गॅसच्या उदाहरणानं समजावलं होतं.

अडचण होती एकोणिसाव्या पानापासून पुढे.

अडचण

एकोणिसाव्या पानावरचं पहिलंच वाक्य: “अग्नी-५ चा खरा पल्ला ८००० किलोमीटर आहे. सरकार ५००० सांगते, कारण खरे सांगण्याची आपल्याला सोय नाही.” पुढची चौदा पानं याच वाक्यावर उभी होती. पुरावा म्हणून सोबत एक नकाशा.

त्या नकाशाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. काकांनी अप्पा बळवंत चौकातून शाळेच्या भिंतीवर लावतात तसा जगाचा नकाशा आणला होता. बरोबर एक मीटर रुंद. खाली विषुववृत्ताची मोजपट्टी: अडीच सेंटीमीटरला १००० किलोमीटर. कंपास साडेबारा सेंटीमीटर उघडून, पुण्यावर टोक रोवून त्यांनी पेन्सिलीनं ५००० किलोमीटरचं वर्तुळ काढलं होतं. पुण्याच्या जागी कागदाला भोक पडलं होतं. बीजिंगचा ठिपका त्या वर्तुळाच्या बाहेर, जवळजवळ सव्वा सेंटीमीटर लांब. मग वीस सेंटीमीटरचं दुसरं वर्तुळ, लाल शाईनं, ८००० चं. त्यात बीजिंग आरामात. समासात युक्तिवाद: ५००० मध्ये बीजिंगसुद्धा येत नसेल, तर २०१२ ला पहिल्या चाचणीनंतर चीन अस्वस्थ कशाला झाला? म्हणजे आकडा खोटा.

युक्तिवाद मला पटला. मी तो तसाच पान लावायला दिला. ही माझी पहिली चूक, आणि ती मी कोणावर ढकलू शकत नाही.

चूक सापडली ती मांडणी करणाऱ्या मुलामुळे. त्याला वर्तुळ संगणकावर नीट काढायचं होतं. त्यानं विचारलं, “सर, मोजपट्टी कुठली धरू? नकाशा वर जाईल तसा ताणलेला आहे.” ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं तो हा नकाशा, मर्केटर पद्धतीचा. विषुववृत्तावरची मोजपट्टी उत्तरेकडे चालतच नाही. साठ अंश अक्षांशावर अंतर दुप्पट लांब दिसतं. अशा नकाशावर कंपासनं काढलेलं वर्तुळ म्हणजे उत्तरेला आखूड पडलेलं वर्तुळ.

ताईंच्या नातवाचा पृथ्वीगोल घरून आणला. ३० सेंटीमीटर व्यासाचा, हिंदी महासागरात कोणीतरी डायनोसॉर चिकटवलेला. घेर सुमारे ९४ सेंटीमीटर, म्हणजे ४०,००० किलोमीटर. ५००० किलोमीटरला पावणेबारा सेंटीमीटर. फुलपुड्याचा दोरा मापून कापला, एक टोक पुण्यावर अंगठ्यानं दाबलं, दुसरं बीजिंगच्या दिशेनं ताणलं. दोरा बीजिंग ओलांडून पुढे गेला. हिशेबानं अंतर निघतं सुमारे ४,७०० किलोमीटर. शांघाय ४,९६० च्या आसपास, तेही आत. उत्तरेकडे काकांचं वर्तुळ साधारण ५४ अंशांवर थांबत होतं; खरं ६३ अंशांच्या पुढे जातं. हजार किलोमीटरहून जास्त फरक.

मनाला बरं वाटावं म्हणून सांगतो, लंडनच्या एका नामांकित साप्ताहिकानं २००३ मध्ये उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांचे पल्ले दाखवताना नेमकी हीच चूक केली होती आणि नंतर दुरुस्ती छापली होती. चुकायचंच तर अशी सोबत बरी.

आकड्याचा माग

नकाशा पडला, म्हणजे ८००० पडलं असं नव्हे. काकांना फोन केला. “हा आकडा आला कुठून?” “सगळ्यांना ठाऊक आहे हो.” दुसऱ्या फोनला “आतल्या माणसानं सांगितलं”. तिसऱ्याला त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की निवृत्तांच्या गटावर आलेला निरोप होता. तो निरोप मागे मागे नेत गेलो तेव्हा जे मिळालं त्यानं ताई खुर्चीत मागे रेलून हसल्या. १९ एप्रिल २०१२ च्या पहिल्या चाचणीनंतर चिनी लष्कराच्या अकादमीतल्या एका संशोधकानं ‘ग्लोबल टाइम्स’ या चिनी दैनिकाला सांगितलं होतं की हे क्षेपणास्त्र प्रत्यक्षात ८००० किलोमीटर जाऊ शकतं आणि भारत इतर देशांना चिंता वाटू नये म्हणून मुद्दाम कमी सांगतोय. बारा वर्षं हिंडून तोच आकडा छाती फुगवून आमच्या टेबलावर आला होता. मूळ बोलणारा प्रतिस्पर्धी, आणि त्याचा हेतू भारताचं कौतुक हा खासच नव्हता.

आता पेच असा की आकडा चिनी आहे म्हणून खोटा ठरत नाही. काका दुसऱ्या दिवशी स्वतः आले, गोलावर दोरा फिरवून पाहिला, “गाढवपणा झाला” एवढंच म्हणाले आणि पाठकोऱ्या कागदावर गणित मांडायला बसले. इंधन संपतं त्या क्षणी क्षेपणास्त्राला किती वेग हवा? ५००० किलोमीटरसाठी सेकंदाला साधारण ५.९ किलोमीटर. ८००० साठी ६.८. “फरक बघा, सेकंदाला एक किलोमीटरसुद्धा नाही. डोक्यावरचं ओझं कमी केलं की तो वेग मिळू शकतो. टेम्पोत दहा पोती भरली तर खंबाटकी चढताना धापा टाकेल, तीन भरली तर गाणं म्हणत जाईल. टेम्पो तोच.”

ते बरोबरच बोलत होते. सुमारे ५० टनांचं, साडेसतरा मीटर उंचीचं, घन इंधनाच्या तीन टप्प्यांचं हे क्षेपणास्त्र किती भार घेऊन, हे सांगितल्याशिवाय पल्ल्याच्या आकड्याला अर्थच नाही. पण हेच गणित त्यांच्या लेखाच्या शेवटावर उलटत होतं. शेवटच्या पानावर वाक्य होतं की आता ८००० किलोमीटरवर एकाच वेळी अनेक शहरं टप्प्यात आली. मी विचारलं, “काका, अनेक अण्वस्त्रं न्यायची म्हणजे पोती वाढली ना? मग पल्ला वाढेल की घटेल?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “दोन्ही एका वाक्यात लिहायला नको होतं.”

तिसरी गोष्ट मी नंतर वाचत बसलो तेव्हा लक्षात आली. ५,५०० किलोमीटरच्या पुढचं क्षेपणास्त्र आंतरखंडीय मानायचं, ही रेघ अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या करारांतून आली. आपलं अधिकृत वाक्य काय? “५००० किलोमीटरपेक्षा जास्त.” रेघेच्या अलीकडे उभं राहून पलीकडे नजर टाकणारं वाक्य. हे वाचन माझं आहे. पण १९८९ च्या ‘प्रात्यक्षिक’ या शब्दाशेजारी ठेवलं की मला ते एकाच घराण्यातलं वाटतं. बीजिंगला ऐकू जावं, वॉशिंग्टनला खुपू नये. काकांचं ‘खरे सांगण्याची सोय नाही’ हे वाक्य त्या अर्थानं अगदीच चुकीचं नव्हतं. त्यांनी त्यात शाई जास्त ओतली होती.

शिवाय चीनला पल्ला आपल्याकडून ऐकायची गरज कुठे आहे? ‘युआन वांग-५’ हे क्षेपणास्त्रांचा आणि उपग्रहांचा माग काढणारं त्यांचं जहाज १६ ऑगस्ट २०२२ ला श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात येऊन लागलंच होतं.

समोरचे पर्याय

तारीख १९ सप्टेंबर. दसऱ्याला अंक बाजारात हवा. लेखाची छापील सोळा पानं, म्हणजे अख्खा एक फर्मा.

पहिला पर्याय, आहे तसं छापायचं आणि खाली ‘लेखातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’. जाहिरातींचं बघणाऱ्या गृहस्थांना हाच हवा होता. ८००० हा आकडा खपतो. ताईंनी एका वाक्यात निकाल लावला: “बीजिंग कुठे आहे हे मत नाही.”

दुसरा, लेख काढून टाकायचा. सोळा पानांना तीन आठवड्यांत काय लावणार? आणि पहिली अठरा पानं फेकायला माझा जीव होत नव्हता.

तिसरा सर्वांत सोपा: जिथे जिथे ८००० आहे तिथे ५००० करायचं, नकाशा काढायचा, विषय संपला. मी दोन दिवस या बाजूनं होतो. मग लक्षात आलं की असं केलं तर लेखाला कणाच उरत नाही, आणि ‘५०००’ हेसुद्धा कुणीतरी काहीतरी साधण्यासाठी उच्चारलेलं वाक्य आहे हे आपण लपवतो.

चौथा पर्याय ताईंचा. प्रत्येक आकड्यामागे तो कोण, कधी, कुणाकडे बघत म्हणाला हे लिहायचं. आणि पाकिस्तान आत आणायचा. काकांच्या बत्तीस पानांत पाकिस्तानला साडेतीन ओळी होत्या. “तो आपल्या लेखी आता नाही” असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणाल्या, “तुमच्या लेखी नसेल, तुम्ही त्याच्या लेखी आहात.”

केलेली कार्यवाही

काकांनी चौदा पानं परत लिहायचं मान्य केलं, एका अटीवर: गणित राहील. राहिलं. टेम्पोसकट.

पाकिस्तानची चौकट मी लिहिली. तिच्यासाठी वाचताना मला १९९९ चा एप्रिल सर्वांत बोलका वाटला. ११ तारखेला आपला अग्नी-२. १४ ला त्यांचं घौरी-२, १५ ला शाहीन-१. पाच दिवसांत तीन उड्डाणं, आणि लाहोरची बस जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याच लाहोरमध्ये २१ फेब्रुवारीला ठरलं होतं की क्षेपणास्त्र उडवण्याआधी एकमेकांना कळवायचं. त्याचा पक्का करार व्हायला ३ ऑक्टोबर २००५ उजाडला: निदान तीन दिवस आधी सूचना, आणि उड्डाणाची जागा सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत नको. मधे कारगिल, संसदेवरचा हल्ला, सीमेवर समोरासमोर उभी राहिलेली सैन्यं. तरी हा कागद झाला आणि दोन्ही बाजूंनी वापरात राहिला. चीनबरोबर आपला असा करार नाही. काकांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पल्ला नेहमी वाढतच जातो, हा समजही त्या चौकटीत मोडला. कारगिलनंतर आपल्याला जाणवलं की पृथ्वी क्षेपणास्त्र फार आखूड आणि अग्नी-२ फार लांब. मग मुद्दाम कमी पल्ल्याचा, ७०० किलोमीटरचा अग्नी-१ आणला; पहिली चाचणी २५ जानेवारी २००२. आधी दोन आला, मग एक. या क्रमावरून आमच्या मुद्रितशोधकानं दोनदा प्रश्नचिन्ह घालून पान परत पाठवलं. उलट बाजूला शाहीन-३, ९ मार्च २०१५, पल्ला २,७५० किलोमीटर. एवढा कशाला? पाकिस्तानच्या अण्वस्त्रयंत्रणेचे माजी प्रमुख खालिद किडवाई यांनीच नंतर सांगितलं की भारताला अंदमान-निकोबारला मागचा आसरा मिळू नये म्हणून. म्हणजे आमच्या डोक्यात वर्तुळ बीजिंगकडे निघालेलं, त्यांच्या डोक्यात पोर्ट ब्लेअरकडे. एका देशाचं उत्तर दुसऱ्याला प्रश्न म्हणून ऐकू जातं आणि तिसरा कान देऊन असतो.

दोन परिच्छेद मात्र कापले. त्यात काकांच्या कारखान्यातल्या एका जोडणीचं वर्णन होतं, नळ्यांच्या जाडीसकट. त्यांच्या मते त्यात गुपित काही नव्हतं. आमच्या ओळखीच्या वकीलबाईंनी दाखवून दिलं की ३१ मे २०२१ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार गुप्तचर आणि सुरक्षाविषयक संस्थांतून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कामाबद्दल काही छापायचं तर प्रमुखांची आधी परवानगी लागते. काका खासगी कारखान्यातले, त्यांना तो नियम लागू नव्हता. पण शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा सगळ्यांनाच लागू आहे. मे २०२३ मध्ये पुण्यातल्याच एका संरक्षण प्रयोगशाळेच्या संचालकांना पाकिस्तानी हस्तकाला माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली होती, तेव्हापासून शहरातले निवृत्त लोक फोनवरही जरा सांभाळून बोलत होते. काका रागावले. “पन्नास वर्षं जपलं ते तुमच्या अंकात सांडीन होय?” तासाभरानं त्यांनीच फोन करून परिच्छेद काढायला सांगितले.

नकाशा नव्यानं काढला. मुलानं खरं, उत्तरेला फुगलेलं वर्तुळ संगणकावर आखलं. देशाची सीमारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून घेतली, कारण त्यात चूक झाली तर शिक्षा आहे. वर्तुळाच्या आत फिकट लाल रंग भरला. छान दिसत होतं.

परिणाम

अंक दसऱ्याला आला आणि पहिल्याच दिवशी आमचीच चूक आमच्यासमोर उभी राहिली. मुखपृष्ठ आधी छापून झालेलं होतं. आर्ट पेपर, चार रंग, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम उरकून टाकलेलं. त्यावर पिवळ्या अक्षरांत: ‘अग्नी-५ : ८००० किलोमीटरचं सत्य’. आत शिरलेल्या वाचकाला लेख सांगतो की हा आकडा चिनी दैनिकातून आला. बत्तीस पानं तपासताना बाहेरची एक ओळ आमच्यापैकी कोणालाच आठवली नाही. पुन्हा छापायचं तर खर्च झेपणारा नव्हता. ताईंनी वितरकाला फोन करण्यासाठी उचललेला फोन तसाच खाली ठेवला.

पत्रं नेहमीपेक्षा जास्त आली. बरीच नाराजीची: शत्रूचं वर्तमानपत्र कशाला वाचता, आपल्या शास्त्रज्ञांवर विश्वास नाही का, अशी. साताऱ्याकडच्या एका निवृत्त भूगोल शिक्षकांनी मर्केटरवरून शाबासकी दिली आणि त्याच पत्रात विचारलं की क्षेपणास्त्र पुण्याहून उडणार आहे का? आम्ही केंद्र पुणं धरलं ते वाचकाला अंतर घरचं वाटावं म्हणून. चाचण्या होतात त्या ओडिशाच्या अब्दुल कलाम बेटावरून बीजिंग सुमारे ३,५०० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून १,२०० नं जवळ. आणि अग्नी-५ कॅनिस्टरमधून, म्हणजे बंद नळकांड्यातून, रस्त्यावरच्या वाहनावरून उडतं, केंद्रच हलतं. वर्तुळ कशाभोवती काढायचं?

पण सगळ्यांत जिव्हारी लागलं ते मस्कतहून आलेलं. मूळचे कोल्हापूरचे, वीस वर्षं तिथे नोकरीला असलेले एक वाचक. त्यांनी आमच्या नकाशाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: “मी राहतो ते शहर, माझ्या मुलीची शाळा, सगळं तुमच्या लाल रंगात आहे. ओमाननं काय केलं?” नेपाळ लाल, बांगलादेश लाल, श्रीलंका लाल, आखात लाल. ‘इतकं अंतर जाता येतं’ हे दाखवताना आम्ही ‘इतक्यांवर रोखलंय’ असं दाखवून बसलो होतो. भूमितीची चूक दुरुस्त केल्याच्या आनंदात रंगाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

काका मुखपृष्ठावर खूश होते, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या कट्ट्यावर अंक उघडायच्या आधीच चर्चा संपली होती.

पुन्हा करायचं झालं तर

वर्तुळ नको. कितीही अचूक असो. त्याऐवजी साधा तक्ता देईन: कुठून कुठे किती अंतर, दोनतीन वेगळी केंद्रं धरून. दिसायला रूक्ष होईल, पण त्यात कोणाचं घर रंगत नाही.

लेखकाला आकडा विचारायचा तो लेख मागताना. मी प्रश्न विचारला सप्टेंबरमध्ये, तोवर चौदा पानं त्या आकड्यावर बांधून झाली होती. पंचाहत्तरीच्या माणसाला अर्धा लेख परत लिहायला लावणं सोपं नसतं. काकांनी तो लिहिला हा त्यांचा मोठेपणा, आमचं कौशल्य नव्हे.

मुखपृष्ठावरची ओळ लेख कायम झाल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. हे दरवर्षी ठरतं. छापखान्याची तारीख आधी मिळाली की दरवर्षी मोडतं.

एका निर्णयाबद्दल माझ्या मनात अजून दोन बाजू आहेत. ते कापलेले परिच्छेद. गुपित म्हणून ते जाणं योग्यच होतं. पण त्याच परिच्छेदांत रात्रपाळीची माणसं होती, आपण काय बनवतोय हे नक्की न सांगता नळ्या तासणारी. लोकांचं वर्णन ठेवून जोडणीचं वर्णन वगळता आलं असतं. आमच्याकडे तेव्हा चार दिवस होते आणि भीती पुष्कळ. कात्री सरळ चालली.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेनं पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमावर निर्बंध घातले आणि अमेरिकेच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं सांगितलं की पाकिस्तान अमेरिकेपर्यंत पोचेल अशा क्षमतेच्या दिशेनं चालला आहे. काकांनी तेव्हा फोन केला. “तुमच्या चौकटीत आणखी चार ओळी घालाव्या लागणार.” एवढंच बोलले, पण त्यांच्या लेखी पाकिस्तान परत आला होता.

२० ऑगस्ट २०२५ ला चंदीपूरहून अग्नी-५ ची आणखी एक चाचणी झाली. सरकारी निवेदनात त्याचा उल्लेख मध्यम पल्ल्याचं क्षेपणास्त्र असा होता. तिसऱ्या दिवशी कार्यालयात पाकीट आलं, पत्ता काकांच्या अक्षरात. आत वर्तमानपत्राचं कात्रण, ‘मध्यम’ या शब्दाखाली लाल शाईची दुहेरी रेघ, आणि समासात: “संरक्षण खात्यातही तुम्हीच संपादन करता का?”